चॅरिटी शॉपमधून बाळाचं सामान: काय घ्यावं, काय अजिबात घेऊ नये

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कॉव्हेंट्रीत येऊन तीन महिने झालेत, नोव्हेंबरमध्ये बाळ येणार, जमवलेले पैसे घराच्या डिपॉझिटमध्ये आणि व्हिसाच्या फीमध्ये गेले, म्हणून चॅरिटी शॉपकडे, म्हणजे लोकांनी दिलेल्या वस्तू विकून समाजसेवी संस्थेसाठी पैसे उभे करणाऱ्या दुकानांकडे, वळलात. पण पहिल्याच फेरीत एका दुकानात स्वेटरवर किंमत नव्हती म्हणून काउंटरवरच्या बाईंनी तो विकायलाच नकार दिला. दुसरीकडे साधा टीशर्ट नव्याच्या भावात होता. त्यात सासूबाई फोनवर म्हणाल्या, बाळाला परक्यांचे उतरलेले कपडे नकोत.

मी इंग्लंडमध्ये चौदा वर्षं आहे आणि आमच्या गावातल्या हॉस्पिसच्या (शेवटच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेच्या) दुकानात तीन वर्षं दर शनिवारी विनावेतन काम केलंय, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत. या दुकानांत येणारा बराचसा बरा-वाईट अनुभव एकाच कारणाने येतो: माल लोकांनी दिलेला असतो आणि विकणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात. हे धरून चाललं की राग कमी येतो आणि खरेदी चांगली होते.

त्या स्वेटरचंच बघा. पिशव्या आल्या की मागच्या खोलीत आम्ही त्या उघडायचो, वास घ्यायचो, डाग आणि भोकं बघायचो, वाफेच्या मशिनने सुरकुत्या काढायचो आणि मग टॅग लागायचा. किंमत ठरवायची ती मॅनेजरने किंवा त्यांनी नेमलेल्या एक-दोघांनी. काही गिऱ्हाइकं टॅग काढून टाकत, नाहीतर स्वस्त वस्तूचा टॅग महागड्या कोटाला लावत. म्हणून टॅग नसलेली वस्तू विकायची नाही, असा आम्हाला सक्त नियम होता. त्या बाईंनी तुम्हाला हे कारण सांगायला हवं होतं, यात मी तुमच्याच बाजूची आहे. पुढच्या वेळी मॅनेजर कधी भेटतील ते विचारा आणि वस्तू तोवर बाजूला ठेवता येईल का, तेही विचारा. बहुतेक जण हो म्हणतात.

भावाबद्दलची तक्रार खरी आहे. रोजच्या वापराचे पातळ टीशर्ट, लेगिंग्ज या दुकानांतून घेऊच नका, ते प्रायमार्कसारख्या स्वस्त कपड्यांच्या दुकानात नवे तेवढ्यालाच मिळतात. जिथे नव्या-जुन्या किमतीत खरा फरक पडतो तिकडे जा: लोकरीचा कोट, जाड सुती चादरी, चिनी मातीच्या बशा, ओव्हनमध्ये चालणारी काचेची भांडी, मुलांची पुस्तकं. माझा पहिला लोकरी कोट मी बारा पौंडांना घेतला आणि नऊ हिवाळे वापरला. आतल्या शिवणीवरचं लेबल वाचायची सवय लावून घ्या, लोकर किती टक्के आणि ॲक्रिलिक किती ते तिथे लिहिलेलं असतं.

लोकरीच्या बाबतीत माझी एक चूक सांगते. एका दुकानातून (नाव महत्त्वाचं नाही) सुंदर निळं कार्डिगन आणलं आणि तसंच कपाटात ठेवलं. महिनाभरात आईने विणून पाठवलेल्या स्वेटरला कसरीने भोकं पाडली. आई आता नाही, त्यामुळे ते अजून मनाला लागतं. तेव्हापासून लोकरीची कुठलीही जुनी वस्तू आधी पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये, मगच कपाटात. तुम्हीही एवढं कराच.

आता बाळाचं. पहिल्या तीन महिन्यांचे कपडे बेलाशक घ्या. बाळं इतक्या लवकर मोठी होतात की कित्येक कपडे दोन-तीनदाच घातलेले असतात. बटणं घट्ट आहेत ना, दोऱ्या-नाड्या लोंबत नाहीत ना, ते बघा आणि घरी आणून गरम पाण्यात धुवा. खेळण्यांवर सीई किंवा यूकेसीए ही सुरक्षिततेची खूण शोधा. गादीची खुर्ची किंवा सोफा घेणार असाल तर आगीपासूनच्या सुरक्षिततेचं लेबल शिवलेलं असलंच पाहिजे, १९८८ च्या नियमांनी ते बंधनकारक आहे. पाळण्याची गादी मात्र शक्य असेल तर नवीच आणा. आणि कार सीट जुनी घेऊ नका, कितीही स्वस्त असो, कितीही नवी दिसो. ती एखाद्या अपघातातून गेली असेल तर आतली इजा बाहेरून दिसत नाही. बरीचशी चॅरिटी शॉप्स म्हणूनच कार सीट विकत नाहीत. इथे पैसे वाचवू नका.

सासूबाईंना मी काय सांगेन? त्यांना आपल्याकडचीच आठवण करून द्या. नवजात बाळाला कडक नवा कपडा टोचतो म्हणून आपण जुनेर शोधतो, आजीच्या मऊ लुगड्याची दुपटी करतो, गोधडी तर जुन्या कपड्यांशिवाय होतच नाही. शेजारच्या बाळाची झबली आनंदाने घेतो. राहिला प्रश्न परक्यांचा. आपण बोहारणीला साड्या देऊन पातेली घ्यायचो, त्या साड्याही पुढे कोणीतरी नेसतच होतं. आपण फक्त देणाऱ्या बाजूला होतो, म्हणून घेताना संकोच वाटतो. इथे तसा संकोच मला फारसा दिसला नाही. आमच्या दुकानात डॉक्टरही यायचे आणि पेन्शनवर जगणारे आजोबाही, आणि दोघं एकाच रांगेत उभे असायचे. अशीच दुकानं चालवणारी ऑक्सफॅम ही संस्था १९४२ मध्ये ऑक्सफर्डला ग्रीसमधल्या उपाशी लोकांसाठी सुरू झाली आणि १९५१ मध्ये तिने बिहारमधल्या दुष्काळासाठीही मदत उभी केली. म्हणजे हा पैसा आपल्याही माणसांपर्यंत पोचलाय.

घासाघीस करू नका, एवढी विनंती. माझे सासरे इथे आले तेव्हा त्यांनी सहा पौंडांचा छत्रीचा स्टँड तीनला मागितला. त्यांच्या दृष्टीने बाजारात हे स्वाभाविकच होतं, पण काउंटरवरच्या सत्तरीच्या बाई गोंधळून गेल्या, कारण कमी करायचा अधिकार त्यांना नव्हता. कपबशीचा टवका उडालेला असेल, बटण तुटलेलं असेल, तर ते दाखवून मॅनेजरला विचारायला काहीच हरकत नाही.

पावती जपून ठेवा. वस्तू जुनी असली तरी ती दुकानाने सांगितल्यासारखी असली पाहिजे, आणि २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे सदोष वस्तू ३० दिवसांत परत करून पैसे मागता येतात. टॅगवरच दोष लिहिलेला असेल तर मात्र त्याच दोषासाठी नाही. नुसतं आवडलं नाही म्हणून परत घेणं ही त्या दुकानाची मर्जी, तेव्हा पैसे देण्याआधीच विचारून घ्या.

कधी जायचं? जानेवारीत लोक ख्रिसमसनंतर घरं आवरतात, तेव्हा माल भरपूर येतो. तुमचं शहर विद्यापीठाचं आहे, तिथे विद्यार्थी उन्हाळ्यात खोल्या सोडतात तेव्हा पातेली, ताटं, केटल यांचा ढीग पडतो. नोव्हेंबरच्या आत हवं असेल तर कामाच्या दिवशी सकाळी जा, शनिवारी नको. गर्दीत शिवण तपासायला उसंत मिळत नाही.

बाळाला कपडे लहान झाले की धुऊन त्याच दुकानात परत द्या, पण दिवसाढवळ्या, दुकान उघडं असताना. रात्री दाराशी ठेवलेल्या पिशव्या पावसात भिजतात आणि सगळं फेकावं लागतं, सकाळी ते उचलताना फार वाईट वाटतं. देताना गिफ्ट एडचा फॉर्म मागा. तुम्ही किंवा तुमचे मिस्टर इथे पुरेसा आयकर भरत असाल तर तुमच्या वस्तूंच्या विक्रीतून आलेल्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात, तुम्हाला वेगळं काही द्यावं लागत नाही. फॉर्म भरला की तुमच्या नावाचा नंबर असलेली स्टिकरं देतात, ती पिशवीवर चिकटवायची.