'इनसिव्हिलिटी'ला मराठीत काय म्हणायचं?

नाशिकला नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय, विद्यार्थ्यांच्या इनसिव्हिलिटीवर, म्हणजे समोरच्याचा मान न राखता वागण्यावर, मराठी प्रश्नावली करायचीय, गाईड म्हणतात 'असभ्य वर्तन' लिहा, चालेल का?

माझं मत विचाराल तर नको. पेपरात 'असभ्य वर्तन' दिसलं की वाचणारा थेट विनयभंगापर्यंत पोचतो, 'गैरवर्तन'चंही तेच, आणि तुम्हाला मोजायचंय काय तर लेक्चर चालू असताना मोबाईल बघणं, उशिरा येऊन दार आपटणं, मागच्या बाकावरची खुसखुस, मॅडमना मध्येच तोडणं. अँडरसन आणि पिअरसन या संशोधकांनी १९९९ मध्ये कामाच्या ठिकाणच्या इनसिव्हिलिटीची व्याख्या केली, तिच्यातली मेख अशी की वागणं कमी तीव्रतेचं असतं आणि दुखवायचा हेतू होता का हे धड सांगता येत नाही. आपल्याकडे उद्धट, उर्मट म्हटलं की मुद्दाम केलं हे ठरलंच. 'बेशिस्त'ला मोडलेला नियम लागतो, आणि तोंड वाकडं करू नये असा नियम कुठल्या कॉलेजात असतो? टवाळखोर तर कॉलेज रोडवर गाडीवर बसलेला, त्याचा वर्गाशी संबंधच नाही.

बोलण्यातला सगळ्यात जवळचा शब्द 'आगाऊपणा', पण तो कायम धाकट्याचाच. विद्यार्थी आगाऊ, प्राध्यापक आगाऊ कसे होणार (पोरं कॅन्टीनमध्ये काय म्हणतात ते सोडा). आणि नर्सिंग शिक्षणासाठी सिंथिया क्लार्क यांनी जी प्रश्नावली केली ती विद्यार्थ्यांचं वागणं विचारते तसं शिक्षकांचंही विचारते, त्यामुळे शब्द दोघांना लागू पडणारा हवा. म्हणून शीर्षकात 'असौजन्य' घ्या, पुस्तकी आहे पण कुणावर आरोप करत नाही.

आतल्या प्रश्नांत मात्र तोही नको. 'वर्गात असौजन्य होतं का' विचारलं तर सगळे 'नाही हो' म्हणून मोकळे होतील. सरळ वागणंच लिहा, 'शिक्षक शिकवत असताना विद्यार्थी आपसात बोलतात' असं. क्लार्क यांच्या सुधारित प्रश्नावलीत प्रत्येक वागण्याबद्दल दोन वेगळे प्रश्न आहेत, हे कितपत असौजन्याचं वाटतं आणि गेल्या १२ महिन्यांत किती वेळा अनुभवलं. पहिल्याला मी 'किती खटकतं' लिहीन, दुसऱ्यात 'कधीकधी' आणि 'अधूनमधून' दोन्ही पर्याय टाकू नका, फरक कुणालाच सांगता येणार नाही. आणि मूळ इंग्रजी न पाहिलेल्या कुणाकडून तरी उलट, म्हणजे मराठीतून परत इंग्रजीत, भाषांतर करून घ्या, 'खटकतं'चं तिकडे नुसतं 'आवडत नाही' होऊन आलं तर शब्द बदलावा लागेल.