ग्रूपरचा 'ग्रुप'शी काडीचा संबंध नाही

प्रश्न असा : 'बातमीत "महाकाय ग्रूपर" असे वाचले. हा मासा गटाने राहतो म्हणून ग्रूपर का? मराठीत "गटमासा" म्हटले तर?'

म्हणू नका. 'समूहमासा' हे रत्नही एका मथळ्यात पाहून झालंय. अहो, हा गडी बहुतेक एकटाच असतो, प्रवाळाच्या कपारीत नाहीतर बुडालेल्या जहाजाच्या पोटात. वाढला की पावणेतीन मीटर, वजन चारशे किलोपर्यंत. समोरून शेवंड निघाली की हा जबडा वासतो आणि पाण्याच्या लोंढ्यासकट ती आत!

शब्द पोर्तुगीज 'गारोपा'वरून आला. हाँगकाँगच्या मेनूकार्डांवर अजून गारोपाच असतो, ब्राझीलच्या शंभरच्या नोटेवर त्याचं चित्र आहे. इंग्रजांच्या तोंडी त्याचा ग्रूपर झाला, ऑस्ट्रेलियात तर 'ग्रोपर', म्हणजे चाचपडणारा! तुमचा गटमासा याच पंगतीतला.

खरी गंमत शास्त्रीय नावात आहे : एपिनेफेलस लँसिओलेटस. यातलं 'एपिनेफेलस' ब्लॉख या जर्मन संशोधकाने १७९३ मध्ये दिलं. त्याला माशाच्या डोळ्यावर पडदा आल्यासारखं वाटलं, म्हणून हे ग्रीक नाव : मळभ आलेला. त्यातलं 'नेफेले' म्हणजे ढग, आणि ते आपल्या 'नभस्'चं सख्खं भावंड. मासा समुद्राच्या तळाशी आणि नावात आभाळ!

आता ग्रूपरचं आपल्या किनाऱ्यावरचं नाव, 'गोब्रा'. माझं मत विचाराल तर तोही गारोपाच : गारोपा, गोपरा, गोब्रा. पुरावा नाही, कानाला पटतं एवढंच. आमचे एक कोशप्रेमी स्नेही यावर खवळतात. म्हणे, पिढ्यान्‌पिढ्या मासे मारणाऱ्या किनाऱ्याला माशाचं नाव उसनं कशाला लागेल? मग घरात किल्ली असताना पोर्तुगीजांची 'चावी' कशाला घेतली, सांगा! (ते 'गोबर'कडे बोट दाखवतात. दाखवोत बापडे.)

हां, बातमीचं राहिलंच. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत, २००१ साली गेला तो हा महाकाय. प्रत्येक गोब्रा नव्हे. बाजारातले लहान गोब्रे आणि हेकरू वेगळ्या जातींचे. मालवणात एका मासेवालीला मी माझी व्युत्पत्ती मोठ्या हौसेने ऐकवली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ''गोब्रो म्हंजे गोब्रो. व्हयो काय?''