पंकची पिन: अर्थ आणि गंज

प्रश्न: मुलीने डेनिमच्या जॅकेटला पंधरा-वीस सेफ्टी पिना लावल्या आहेत. ती म्हणते ही पंक फॅशन. तिची मैत्रीण म्हणते, हा स्थलांतरितांना पाठिंबा. खरं काय? शिवाय कापडाला भोकं पडताहेत आणि तांबूस डागही.

उत्तर: दोघींचंही खरं, फक्त मधे चाळीस वर्षं गेली आहेत. पंक म्हणजे १९७०च्या दशकातलं बंडखोर रॉक संगीत आणि त्यासोबतची वेशभूषा. वॉल्टर हंट यांनी न्यूयॉर्कमध्ये १८४९ साली या पिनेचं पेटंट घेतलं आणि ४०० डॉलरला हक्क विकून टाकले. त्यानंतर सव्वाशे वर्षं ती बाळांचे लंगोट आणि उसवलेल्या शिवणी सांभाळत राहिली. १९७०च्या दशकाच्या मध्यात न्यूयॉर्कचा गायक रिचर्ड हेल फाटके शर्ट पिना लावून घालायचा. पुढे सेक्स पिस्टल्स या पंक बँडचे व्यवस्थापक झालेल्या माल्कम मॅकलॅरन यांनी ते पाहिलं आणि फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुड यांच्यासोबतच्या लंडनच्या किंग्ज रोडवरील दुकानात तीच तऱ्हा आणली. म्हणजे आधी फाटलं, मग पिन आली. पुढे पिनेसाठी मुद्दाम फाडणं सुरू झालं. १९७७ मध्ये ब्रिटिश फॅशन डिझायनर झँड्रा ऱ्होड्स यांनी ती महागड्या पोशाखांवर चढवली. १९९४ साली अभिनेत्री एलिझाबेथ हर्लीच्या व्हर्साचे या इटालियन ब्रँडच्या गाऊनवर सोनेरी पिना झळकल्या, तेव्हा बंड कधीच ओसरलं होतं. २०१६ मध्ये ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, सार्वमतानंतर ब्रिटनमध्ये कोटावर एकच पिन लावणं म्हणजे स्थलांतरितांना 'माझ्याजवळ तुम्ही सुरक्षित आहात' असं सांगणं झालं. फुकटची सहानुभूती म्हणून त्यावर टीकाही झाली. वीस पिनांमधून मात्र कुणी हा अर्थ काढणार नाही.

आता भोकं. पिनेत कापड चिमूटभरच धरलं, तर सगळा भार दोन-चार धाग्यांवर येतो. साधारण चार सेंटिमीटरच्या पिनेत एक सेंटिमीटर कापड घ्या. फार घेतलं तर चुण्या पडतात. कॉलर, खिशाचं झाकण, शिवणी अशा दुहेरी जागा निवडा. एकेरी कापडाला आतून फेल्टचा (दाबून केलेल्या जाड कापडाचा) तुकडा लावा. साखळी अडकवायची असेल तर हे हवंच. टोक बोथट झालेली पिन धागे तोडते, ती फेकून द्या.

डाग गंजाचे आहेत. पिनेच्या वेटोळ्यात पाणी अडकतं आणि मुलामा आधी तिथेच उडतो. धुण्याआधी सगळ्या पिना काढा. पुढच्या वेळी पितळेच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या घ्या. डागावर लिंबाचा रस आणि मीठ अर्धा तास ठेवून धुवा, पण आधी आतल्या शिवणीवर रंग जातो का ते पाहा. क्लोरीनचं ब्लीच नको, त्याने गंज पक्का बसतो.

आणि ही पिन कानात घालू देऊ नका. मुलाम्यात बहुधा निकेल असतं, त्याने त्वचा चिघळते.