लाइट जाते तेव्हा रीफ टँकचं काय करायचं?

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणारी निम्मी पत्रं वीज जाण्याबद्दलची असतात. रीफ टँक म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक. अशा टँकला वीज नसणं गोड्या पाण्याच्या टँकपेक्षा लवकर जाचतं, म्हणून या वेळचं सदर त्याच प्रश्नांना दिलं आहे.

प्रश्न : माझा २५० लिटरचा टँक आहे. सॉफ्ट कोरल, दोन क्लाउनफिश, एक टँग आणि काही डॅमसेल. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी पाच-पाच तास लाइट जाते. घरात १५० अँपिअर-अवरची बॅटरी असलेला इन्व्हर्टर आहे. त्यावर टँकचं काय काय टाकू? (कोथरूड, पुणे)

आधी कशाला जपायचं ते ठरवू. पाच तासांत कोरल अंधाराने मरत नाही आणि उपाशी मासाही मरत नाही. मरतो तो गुदमरून. २६ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. पाणी ३० अंशांवर गेलं की तोही सव्वासहावर येतो. म्हणजे साठा मुळात कमी, त्यात मासे, कोरल, वाळूतले किडे आणि दगडातले जिवाणू सगळेच तो वापरतात. पाण्याचा पृष्ठभाग हलायचा थांबला की हवेतून नवीन भर पडणं जवळजवळ बंद होतं. दिवसा खिडकीतून थोडा उजेड आला तर कोरलमधलं शेवाळ थोडाफार ऑक्सिजन देतं, रात्री तेही फक्त घेतं. त्यामुळे रात्री गेलेली लाइट जास्त धोक्याची. टँगसारखा मोठा, सतत पोहणारा मासा पहिला वर येऊन तोंड उघडझाप करू लागतो. ते दिसलं की हातात फार वेळ नाही असं समजा.

आता बॅटरीचा हिशेब. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर. पण बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो, म्हणून हाताशी १००० वॉट-अवर धरा. घरातले दोन जुने पंखे १५० वॉट, तीन एलईडी दिवे ३० आणि राउटर १० असे १९० वॉट झाले. एवढ्यावरच पाच तासांत बॅटरी जवळपास संपते. त्यात १५ वॉटचा वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह तयार करणारा पंप) आणि ४ वॉटचा एअर पंप टाकलात तर २०९ वॉट, पावणेपाच तास. ४० वॉटचा रिटर्न पंपही (टँकखालच्या 'संप' या टाकीतलं पाणी परत वर नेणारा) टाकला तर चारच तास. म्हणून इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर आणि एअर पंप ठेवा. वेव्हमेकरचं तोंड वर करा, पाण्याचा पृष्ठभाग नुसता थरथरून उपयोग नाही, तो फुटला पाहिजे. रिटर्न पंप डीसी असेल आणि वेग कमी करता येत असेल तर सर्वात खालच्या वेगावर तोही चालू द्या, संपमधल्या जिवाणूंना पाणी मिळत राहतं. स्किमर (पाण्यातला मळ फेसावाटे काढणारा), हीटर, चिलर (पाणी गार करणारा), टँकचे दिवे यातलं काहीही इन्व्हर्टरवर नको. चिलरचा कॉम्प्रेसर सुरू होताना इतका करंट ओढतो की इन्व्हर्टर ट्रिप होऊन बाकीचंही बंद पडेल. घरातला एक पंखा बंद करा, त्या एकाच्या विजेवर वेव्हमेकर पाच पट वेळ चालतो.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर एसी पंप त्यावर घरघरतात, तापतात, काही सुरूच होत नाहीत. वीज असतानाच मेन स्विच पाडून प्रत्येक पंप अर्धा तास चालवून बघा.

इन्व्हर्टर असला तरी दुसरा बंदोबस्त वेगळा हवा, कारण बॅटरी जुनी होते, तिच्यात पाणी घालायचं राहून जातं, आणि हे कळतं ते लाइट गेल्यावरच. १०,००० एमएएचची पॉवर बँक आणि २ वॉटचा यूएसबी एअर पंप पुरेसा आहे. पॉवर बँकेतून प्रत्यक्षात ३० वॉट-अवर मिळतात, म्हणजे १५ तास. एक अडचण लक्षात घ्या : काही पॉवर बँका फार कमी करंट ओढला जात असेल तर 'फोन भरला' असं समजून आपोआप बंद होतात. एकदा पूर्ण रात्र चालवून खात्री करा. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत छोटा चेक व्हॉल्व्ह लावा, नाहीतर पंप थांबताच नळीतून पाणी उलटं पंपात आणि तिथून जमिनीवर येतं. घरात दिवसभर कोणी नसेल तर लाइट जाताच आपोआप सुरू होणारा रिचार्जेबल एअर पंप घ्या.

प्रश्न : लाइट गेली की संपमधून पाणी बाहेर येऊन फ्लॅटभर होतं. रिटर्न लाइनला एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवला आहे, तरीही. (ठाणे)

एनआरव्हीवर विसंबू नका. त्याच्या पडद्यावर चुना बसतो किंवा एखादी छोटी गोगलगाय अडकते आणि तो पूर्ण मिटत नाही. खरं कारण रिटर्न पाइपचं तोंड पाण्यात किती खोल आहे, यात आहे. पंप थांबला की पाइप सायफन बनतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत टँकमधलं पाणी खाली ओढतो. टँक १२० बाय ५० सेंटीमीटरचा आणि तोंड ६ सेंटीमीटर खोल असेल तर १२० × ५० × ६, म्हणजे ३६ लिटर पाणी खाली येणार. संपमध्ये जागा २० लिटरची असेल तर उरलेले १६ लिटर तुमच्या फरशीवर.

तोंड दीड सेंटीमीटरवर आणा, हाच आकडा ९ लिटरवर येतो. त्यात ओव्हरफ्लो बॉक्स (टँकमधलं जास्तीचं पाणी खाली संपमध्ये सोडणारा कप्पा) आणि पाइपमधले चार-पाच लिटर मिळवा. शिवाय पाण्याच्या पातळीच्या जेमतेम खाली, रिटर्न पाइपला ५-६ मिलिमीटरचं भोक पाडा, पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. हे भोक गुलाबी चुनखडी शेवाळाने बुजतं, म्हणून दर आठवड्याला काच पुसताना जुन्या टूथब्रशने एकदा घासा.

मग चाचणी. सगळे पंप बंद करा, पंधरा मिनिटं थांबा. संप काठाच्या ३-४ सेंटीमीटर खाली थांबला पाहिजे. जास्त झालं तर पाणी काढा. पंप चालू करा, पातळी स्थिर होऊ द्या आणि तिथे बाहेरून टेप लावा. टँक चालू असताना या टेपच्या वर संप कधीही भरायचा नाही.

मागे अडकवायचा, यू आकाराच्या नळीचा ओव्हरफ्लो असेल तर धोका उलटा असतो. लाइट गेल्यावर नळीतलं पाणी तुटलं आणि लाइट आल्यावर सायफन परत धरला नाही, तर रिटर्न पंप वर पाणी फेकत राहतो आणि वरचा टँक ओसंडतो. असा ओव्हरफ्लो शक्यतो बदलाच.

प्रश्न : दादरमध्ये लाइट जातच नाही. एवढं सगळं करायची खरंच गरज आहे का? (मुंबई)

आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिडमध्ये बिघाड होऊन मुंबईची वीज सकाळीच गेली आणि काही भागांत ती यायला बरेच तास लागले. पण मुंबईत याहून नेहमीचं कारण घरातलंच असतं : हीटरची काच तडकते, पाण्यात करंट उतरतो आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो. तो पडलाच पाहिजे, जीव वाचवतो. मात्र तुम्ही ऑफिसात असता आणि टँक बंद आहे हे कोणाला कळत नाही. टँकसाठी वेगळी लाइन घ्या, त्यावर वेगळा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा आणि बॅटरीचा एअर पंप ठेवाच. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकेल.

प्रश्न : आमच्याकडे वादळात दोन-तीन दिवस लाइट नसते. तयारी कशी करावी? (दापोली)

जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांना विजेसाठी आठवडे थांबावं लागलं होतं, तेव्हा तीन दिवस हा किमान अंदाज धरा. २ वॉटचा एअर पंप ७२ तास म्हणजे १४४ वॉट-अवर. २०,००० एमएएचच्या तीन पॉवर बँका लागतील, गाडीतून त्या परत भरता येतात. १२ व्होल्टवर चालणारा १० वॉटचा वेव्हमेकर असेल तर ४२ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी त्याला दीड दिवस नेते. पंपाचा व्होल्टेज लेबलवर बघूनच जोडा आणि बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरवर ५ अँपिअरचा फ्यूज टाका.

इशारा आला की त्या दिवसापासून खाणं बंद. निरोगी मासे दोन-तीन दिवस सहज काढतात, उलट न खाल्लेलं अन्न कुजून ऑक्सिजन खातं. ५० लिटर खारं पाणी आणि २० लिटर आरओ पाणी आधीच भरून ठेवा, लाइट गेल्यावर आरओ चालत नाही. वादळानंतर किनाऱ्यावरचं पाणी आणून टाकू नका. त्यात गाळ असतो आणि नदी-ओढ्यांच्या पाण्याने क्षारता उतरलेली असते.

ढगाळ दिवसांत तापमान आवाक्यात राहतं, त्रास होतो तो नंतर ऊन पडल्यावर. झाकण काढून जाळी टाका आणि छोट्या यूएसबी पंख्याचा वारा पृष्ठभागावर सोडा. कोकणातल्या दमट हवेत बाष्पीभवन कमी होतं, तेव्हा बर्फ लागेल. २०० लिटर पाणी एक अंशाने उतरवायला साधारण दोन लिटर बर्फ लागतो. तो बंद बाटलीत गोठवलेला हवा, सुटा टाकला तर क्षारता बिघडते. तासाला एका अंशापेक्षा जास्त उतरवू नका.

जनरेटर असेल तर तो सतत चालवायची गरज नाही. दिवसातून तीन-चार वेळा तासभर चालवून चिलर, रिटर्न आणि बॅटरी चार्जर लावा. जनरेटर घरात, बंद गॅलरीत किंवा खिडकीखाली कधीही नको. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने माणसं मरतात.

काहीच हाताशी नसेल तर पाणी काढायचा मग घ्या. टँकमधलंच पाणी भरून फूटभर उंचीवरून ओता, दर दहा-पंधरा मिनिटांनी दहा-बारा मग. कष्टाचं आहे, पण काम करतं.

प्रश्न : सहा तासांनी लाइट आली, सगळं सुरू झालं आणि त्यानंतर तासाभरात दोन मासे मेले. लाइट नसताना ते ठीक होते. असं का? (नागपूर)

तुम्ही पत्रात कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेरचा, बंद डब्यातला फिल्टर) लिहिला आहे, पहिला संशय त्यावर. बंद डब्यातला ऑक्सिजन जिवाणू लवकर संपवतात, मग ते मरू लागतात आणि कुजण्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. फिल्टर सुरू होताच ते सगळं पाणी थेट टँकमध्ये. दोन तासांहून जास्त बंद राहिलेला कॅनिस्टर किंवा मीडिया रिॲक्टर (मीडिया, म्हणजे गाळणीचं साहित्य, भरलेला बंद डबा) आपोआप सुरू होऊ देऊ नका. आतलं पाणी फेका, सडक्या अंड्यासारखा वास येतो का बघा आणि मीडिया टँकच्या पाण्यात खळबळून मग जोडा.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. पंप बंद असताना कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरतो आणि अशा पाण्यात अमोनियाचा बराचसा भाग कमी विषारी रूपात असतो. जोरात हवा सुरू झाली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून आधी अमोनिया तपासा. आढळला तर तो बांधणारं औषध टाका, मग हवा वाढवा आणि १५-२० टक्के पाणी बदला. मासे श्वासासाठी तडफडत असतील तर मात्र हवा आधी.

बाकीचा क्रम असा : वेव्हमेकर, मग रिटर्न, पातळी स्थिर झाल्यावर एटीओ (उडून गेलेल्या पाण्याच्या जागी आपोआप गोडं पाणी भरणारं यंत्र), आणि स्किमर १५ मिनिटांनी. एटीओ लगेच चालू असेल तर रिटर्नच्या कप्प्यातली पातळी क्षणभर खाली जाते, पाणी उडून गेलं असं समजून तो गोडं पाणी ओततो. स्किमर लगेच सुरू झाला तर संप अजून भरलेला असतो आणि कपातला मळ ओसंडून परत पाण्यात पडतो. विजेच्या दुकानात ऑन-डिले टायमर (वीज आल्यावर ठरावीक वेळाने यंत्र सुरू करणारा) मिळतो, तो स्किमरला लावा.

एखादा पंप लाइट आल्यावर नुसता गुणगुणला तर त्याच्या इम्पेलरच्या (आतल्या फिरत्या चक्राच्या) दांड्यावर चुना बसला आहे. फिरता असताना तो कसाबसा फिरतो, एकदा थांबला की अडकतो. एक लिटर पाण्यात ४० ग्रॅम लिंबूसत विरघळवून पंप अर्धा तास बुडवा, घासा, धुवा. हे दर तीन महिन्यांनी.

प्रश्न : कोरलसाठी निदान दोन तास तरी दिवा बॅटरीवर लावावा का? (कोल्हापूर)

नको. दोन-तीन दिवसांचा अंधार बहुतेक कोरल सोसतात. ती वीज पंपाला द्या. मोठ्या खंडानंतर मात्र दिवे पूर्ण जोराने लावू नका. पहिल्या दिवशी निम्मी तीव्रता ठेवा आणि चार-पाच दिवसांत पूर्ववत करा.