१ लाख ८० हजार किमी झालेल्या एसयूव्हीचे चारही शॉकअप बदलायचे का?

तुम्ही विचारलंय की गाडी १ लाख ८० हजार किमी पळलीय, बारीक खड्ड्यातून खडखड येते, ब्रेक मारला की पुढून धप्प असा आवाज येतो आणि मेकॅनिक चारही शॉकअप बदला म्हणतोय, तर बदलू का.

लगेच नका बदलू. ही लक्षणं मला शॉकअपपेक्षा बुश (सांध्यात बसवलेलं रबर) आणि जॉइंटची जास्त वाटतात. शॉकअप गेला की आवाजाआधी गाडी झुलायला लागते, स्पीड ब्रेकर उतरल्यावर एकदा दबून उठून थांबायच्या ऐवजी दोन-तीनदा वरखाली होते, टायरवर हात फिरवला तर ठिकठिकाणी खोलगट लागतं. शॉकअपवर नुसता ओलसर थर असेल तर चालतंय, पण तेल ओघळून त्यावर धुळीचा चिखल बसला असेल तर तो संपला, बदलाच, आणि बदलताना पुढची किंवा मागची जोडी एकदम बदला, एकच नको.

बारीक खडखड बऱ्याचदा लिंक रॉडची (गाडी कलू नये म्हणून असलेल्या आडव्या बारला जोडणारी छोटी दांडी) निघते आणि ब्रेकचा धप्प लोअर आर्मच्या (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा हात) बुशचा. टॉमी (लोखंडी पहार) लावून आर्म हलवून बघा, बुश फाटला असेल तर चीर उघडलेली दिसते. मग गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर खाली शिरायचं नाही म्हणजे नाही. चाकाला घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवा, खेळ (ढिलेपणा) लागला तर बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) नाहीतर व्हील बेअरिंग, आणि कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला लावल्यावर तो खेळ गायब झाला तर बेअरिंगच. ९ आणि ३ वर खेळ लागला तर आधी टाय रॉड एंड (स्टिअरिंगची दांडी चाकाला जोडणारा सांधा) बघा. स्प्रिंग लोअर आर्मवर बसलेली असेल तर जॅक आर्मखालीच लावा, नाहीतर स्प्रिंगच्या दाबाने बॉल जॉइंटचा खेळ लपतो.

आता महत्त्वाचं, आणि हे मी नुकसान सोसून शिकलोय. माझ्या गाडीचे लोअर आर्मचे बुश २ लाख किमीच्या आसपास बदलून घेतले आणि आठ महिन्यात तोच धप्प परत सुरू. काढलेला बुश हातात घेतला तर रबर नवंकोरं काळंभोर, फक्त एका बाजूला चंद्रकोरीसारखी खोल चीर. बोल्ट चाकं हवेत लटकत असतानाच फुल टाइट केले होते. या बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला पक्कं चिकटलेलं असतं, बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर लॉक होते, आणि मग गाडी खाली टेकली की आर्म वर येतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं, वर प्रत्येक खड्ड्याला अजून पिळलं जातं, मग फाटणारच की. म्हणून बोल्ट आधी हलके लावायचे, गाडीचं वजन चाकांवर आलं की एकदा दाबून सोडायची आणि मगच टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळायचा पाना) कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायचे. तुम्ही काम बाहेर करून घेणार असाल तर समोर उभं राहून हे एवढं नक्की बघा, प्लीज.

लिंक रॉड स्वतः बदलणार असाल तर नट फिरवताना आतला स्टडही सोबत फिरतो, त्याच्या टोकाला ॲलन कीचं भोक असेल तर त्यात की घालून धरा. जुने नायलॉनवाले लॉकनट परत वापरू नका, नवेच घ्या. नट गंजले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, सकाळी बरंच सोपं जातं. कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) काढावा लागला तर तारेने बांधून ठेवा, ब्रेकच्या पाइपवर लटकू देऊ नका. पण स्प्रिंग शॉकअपवरच बसवलेली असेल तर वरचा मधला नट घरी अजिबात खोलू नका, स्प्रिंग केवढ्या तरी जोरात दबलेली असते आणि कॉम्प्रेसर न लावता नट सुटला तर जीवावर बेतू शकतं. ते काम वर्कशॉपलाच द्या, आणि तेव्हाच वरचा माउंट आणि बेअरिंग पण बदलून टाका कारण तेवढ्यासाठी परत सगळं खोलावं लागतं.

आर्म किंवा टाय रॉड एंडला हात लागला की अलाइनमेंट करायचीच, नाहीतर नवे टायर कडेने खाल्ले जातील. ५०० किमीनंतर सगळे बोल्ट परत एकदा चेक करून घ्या. आणि खेळ कुठे लागला ते खाली लिहा, मग पुढचं बघू.