भरती न करता दारू सुटते का?

‘मॅडम, यांना सहा महिने भरती करून घ्या. घरी राहून दारू सुटत नाही, सगळे हेच सांगतात.’ नाशिकमध्ये व्यसनमुक्तीच्या बाह्यरुग्ण विभागात समुपदेशक म्हणून काम करताना ही विनंती मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकली आहे की, त्यामागची काळजी एकदा सविस्तर मांडावी असे फार दिवसांपासून मनात होते. एका कुटुंबाची हकीकत, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगते.

त्या ताई आल्या तेव्हा गटारी अमावस्या आठवड्यावर आली होती. राहायला सिडकोत, पोळ्या करून देण्याचे काम, मुलगी दहावीला. यजमान बेचाळीस वर्षांचे, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे लेथ मशीनवर कामाला. गेली सहा वर्षे रोज दारू, आणि वर्षभरापासून रोजच्या दोन क्वार्टर, म्हणजे 360 मिली. ताई एकट्याच आल्या होत्या आणि त्यांच्या पर्समध्ये कागदात बांधलेली एक पुडी होती. नात्यातल्या कुणीतरी ती आणून दिली होती. कणकेत मिसळायची, नवऱ्याला कळू द्यायचे नाही, पंधरा दिवसांत दारूचा वीट येतो, असे त्यांना सांगण्यात आले होते.

भरतीचा विषय बाजूला ठेवून मी आधी त्या पुडीबद्दल बोलले. अशा पुड्यांमध्ये नेमके काय असते हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम नावाचे एक खरे औषध आहे आणि काही घरांत तेच चोरून दिले जाते. दारू शरीरात मोडताना अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो. हे औषध त्याचे पुढचे विघटन अडवते, त्यामुळे वर दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब एकदम खाली येतो, आणि हृदय कमजोर असलेल्या माणसाच्या ते जिवावरही बेतू शकते. ज्याला आपल्या पोटात ते औषध आहे हेच माहीत नाही, तो दारूपासून जपणार कसा? शिवाय ज्या दिवशी ही गोष्ट उघड होईल त्या दिवसापासून बायकोच्या हातची पोळी खातानाही तो संशय घेईल, आणि पुढचा प्रत्येक उपचार त्या संशयाखाली चिरडला जाईल. ताईंनी ती पुडी माझ्या टेबलावर ठेवली आणि परत उचलली नाही.

मग मी विचारले, ‘ते सहा महिने भरती राहिले, तर त्या सहा महिन्यांत तुम्हाला काय मिळेल?’ बराच वेळ त्या गप्प बसल्या आणि म्हणाल्या, ‘एक रात्र सलग झोप.’

हे उत्तर मी केसपेपरवर जसेच्या तसे लिहून ठेवले. भरतीचा आग्रह धरणारी बाई पुष्कळदा स्वतःच्या विश्रांतीची मागणी करत असते आणि ती मागणी संपूर्ण रास्त असते. मात्र तिला उत्तर देण्यासाठी नवऱ्याला कुठेतरी ठेवून येणे हा एकच मार्ग नसतो. त्यांना मी आठवड्यातले दोन दिवस मुलीसह माहेरी झोपायला जाण्याचे सुचवले, आणि घरात हाणामारी होते का हेही स्पष्ट विचारले. होत असती, तर माझा सल्ला वेगळा असता.

त्यांचे यजमान यायला तयार नव्हते. रात्री गाडी पाठवून माणसाला उचलून नेणाऱ्या ठिकाणांबद्दल ताईंनी ऐकले होते आणि ते चालेल का, असे त्यांनी चाचरत विचारले. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि मादक पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही आपल्या कक्षेत घेतल्या आहेत, त्यामुळे रुग्णाची संमती आणि त्याचे हक्क हा तेथे मर्जीचा प्रश्न उरत नाही, हे मी त्यांना सांगितले. आणि एक साधी गोष्ट करायला सांगितली : सकाळी, ते शुद्धीत असताना, आवाज न चढवता, ‘मी समुपदेशकांकडे जाऊन आले’ एवढेच बोलायचे, पुढे एकही वाक्य नाही.

तिसऱ्या दिवशी ते स्वतः आले. ‘हिने माझ्याबद्दल काय काय सांगितलंय ते ऐकायला आलोय,’ हे त्यांचे पहिले वाक्य होते आणि दुसरे होते, ‘मी श्रावण कडक पाळतो मॅडम. महिनाभर थेंब नाही. मग मला व्यसन कसं?’

नाशिकमध्ये हा युक्तिवाद मी दरवर्षी ऐकते आणि त्याची मला खरोखर भीती वाटते. रोज भरपूर पिणारा माणूस गटारीला पोटभर पिऊन दुसऱ्या दिवशी एकदम थांबतो तेव्हा त्याच्या शरीराला मोठा धक्का बसतो. पहिल्या सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि साधारण दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही जणांना भास होऊ लागतात, भान हरपते, त्यात मृत्यूही होऊ शकतो. घरचे लोक याला ताप समजतात, नाहीतर बाहेरचे काहीतरी लागले म्हणून अंगारा लावतात. मागच्या श्रावणात दुसऱ्या रात्री काय झाले होते, असे मी त्यांना विचारले. अंथरूण घामाने भिजले होते, चहाचा कप हातात ठरत नव्हता, पण फिट आली नव्हती आणि भासही झाले नव्हते. महिनाभर न पिता राहता येणे आणि शरीराने दारूची सवय लावून घेणे या दोन गोष्टी एकाच माणसात नांदतात, हे त्यांना त्या घामाच्या आठवणीने पटले. माझ्या बोलण्याने पटले नसते.

भरती की घरून ये-जा, याचे उत्तर याच प्रश्नांतून निघते. पूर्वी फिट आली असेल, भास झाले असतील, यकृत किंवा हृदय बिघडले असेल, आत्महत्येचे विचार येत असतील, झोपेच्या गोळ्याही सुरू असतील, किंवा घरात लक्ष ठेवणारे कुणीच नसेल, तर सुरुवातीचे दिवस रुग्णालयातच काढले पाहिजेत आणि तेथे मी क्षणभरही घासाघीस करत नाही. यांच्या बाबतीत तसे काही आढळले नाही. आमच्या मनोविकारतज्ज्ञांनी तपासून, रक्ताच्या चाचण्या पाहून, आठवडाभर हळूहळू कमी होत जाणाऱ्या गोळ्या आणि ब-1 जीवनसत्त्व लिहून दिले. गोळ्या एका वेळी दोनच दिवसांच्या मिळत, त्या ताईंकडे राहत, आणि पहिले पाच दिवस ते रोज येऊन नाडी, रक्तदाब व पुढे पसरलेल्या बोटांची थरथर दाखवून जात. त्या गोळ्यांनी गुंगी येते म्हणून लेथवर उभे राहायचे नव्हते. आठवड्याची मजुरी बुडाली. सहा महिने भरती झाले असते, तर ठेकेदाराने दुसरा माणूस घेतला असता. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी केवळ एकाने कसली तरी मदत मिळाल्याचे सांगितले होते, आणि भरती होऊन उपचार मिळालेला तर 180 मधला एक होता. भरती हीच एकमेव वाट मानली, तर बाकीच्यांना आपण काय सांगणार आहोत?

शरीर आठवड्याभरात सावरले. त्यानंतरचे काम दर आठवड्याचे होते आणि ते बरेचसे रस्त्यांचे होते. सेकंड शिफ्ट सुटल्यावर ते अंबड लिंक रोडने घरी येत आणि वाटेत नेहमीचा थांबा होता. आम्ही कागदावर तो रस्ता काढला, तलफ कोणत्या वळणापासून सुरू होते ते खुणेने दाखवले, आणि बरोबरच्या एका न पिणाऱ्या सहकाऱ्याच्या दुचाकीवर दुसऱ्या वाटेने येण्याचे ठरवले. तलफ चढते तशी बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तो अर्धा तास पोटात काहीतरी घालून आणि कुणाशी तरी बोलत काढायचा होता. पगार त्यांनी आपणहून ताईंच्या खात्यात वळवला.

सुमारे तीन महिने व्यवस्थित गेले आणि दिवाळीत ते प्यायले. बोनस रोख हातात आला होता. मासिक पगाराची मी इतकी बारकाईने आखणी केली, पण बोनसबद्दल एकदाही विचारले नव्हते, आणि सुट्ट्यांमुळे त्यांची पुढची भेटही पंधरा दिवस लांबवली होती. ही माझी चूक होती आणि ती मी दोघांसमोर कबूल केली. भाऊबीजेनंतर ते स्वतः आले होते, दोन दिवसच पिऊन. ताई मात्र संतापल्या होत्या. ‘तेव्हाच भरती केलं असतं तर?’ मी म्हटले, ‘ताई, आषाढात सहा महिन्यांसाठी भरती केलं असतं, तरी कधीतरी ते घरी आलेच असते, आणि हातात रोख पैसाही आलाच असता.’ त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचा राग त्या दिवशी शमला नाही आणि शमावा अशी माझी अपेक्षाही नव्हती.

यावेळी डायसल्फिरामचा विषय त्यांनीच काढला. डॉक्टरांनी यकृत आणि हृदय पुन्हा तपासले, शेवटच्या घोटानंतर पुरेसा वेळ गेल्याची खात्री केली, गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो आणि अल्कोहोल असलेले खोकल्याचे औषधसुद्धा चालणार नाही, हे नीट समजावले, आणि त्यांनी संमतीपत्रावर सही केली. आता रोज सकाळी चहानंतर ते ताईंच्या समोर ती गोळी घेतात. पुडीत जे औषध असण्याची शक्यता होती, तेच आता उघडपणे, त्यांच्याच हाताने पोटात जाते.

ज्यांना लगेच कुणाकडे जाता येत नाही त्यांच्यासाठी 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तेथे घरच्यांनाही बोलता येते. हे गृहस्थ सध्या महिन्यातून एकदा येतात. मागच्या भेटीत त्यांनी केसपेपर पुढे केला आणि तारीख बदलून मागितली. पगार दहा तारखेला होतो, मला नऊला बोलवा, म्हणाले.