लेकर्सनाच तारे कसे मिळतात? निक्सकडेही बघा

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये खेळाडूंच्या पगाराची मर्यादा तीसही संघांना सारखीच, मग मोठे खेळाडू लेकर्सकडेच कसे जातात, असं विचारलंय तुम्ही. लॉस एंजेलिसची हवा, जाहिराती, संघाचं नाव हे सगळं आहेच. 2018 मध्ये लेब्रॉन जेम्स करारमुक्त होऊन आला तेव्हा त्याच्या बदल्यात काही द्यावंही लागलं नाही. पण नुसत्या शहरावर भागत असतं तर 1973 नंतर न्यूयॉर्कचे निक्स अर्धशतक विजेतेपदाविना कोरडे राहिले नसते.

खरी गंमत अँथनी डेव्हिसच्या प्रकरणात आहे. जानेवारी 2019 मध्ये त्याने आपल्या तेव्हाच्या न्यू ऑर्लिन्स संघाला कळवलं, करार वाढवणार नाही, ट्रेड करा, म्हणजे अदलाबदलीत दुसऱ्या संघाला द्या. जाहीर मागणी केली म्हणून 50 हजार डॉलर दंड झाला. एजंट रिच पॉल, म्हणजे लेब्रॉनचाच! करार संपत आलेल्या खेळाडूने 'मला अमुकच संघ हवा' असं सूचित केलं की बाकीचे हात आखडता घेतात. वर्षभरात निघून जाणाऱ्यासाठी तिजोरी कोण रिकामी करणार? मोठ्या शहराचा फायदा मुख्यतः इथे होतो. तरी फुकट काही मिळालं नाही. लोन्झो बॉल, ब्रँडन इन्ग्रॅम, जॉश हार्ट हे खेळाडू आणि ड्राफ्टमधले (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतले) पहिल्या फेरीचे पिक, म्हणजे निवडीचे हक्क, लेकर्सना मोजावे लागले. इन्ग्रॅम आणि बॉल दोघेही ड्राफ्टमधले दुसऱ्या क्रमांकाचे, लेकर्स सपाटून हरत होते त्या काळात मिळालेले (वरचे पिक सहसा हरणाऱ्या संघांना मिळतात). 2020 ला विजेतेपद आलं. पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये लुका डॉन्चिच या ताऱ्यासाठी डॅलस संघाला द्यायला हाच डेव्हिस कामी आला (तो सौदा डॅलसने का केला, ते मला विचारू नका).

आता निक्स. 2011 मध्ये डेन्व्हरच्या कार्मेलो अँथनीला न्यूयॉर्कच हवं होतं आणि करारही उन्हाळ्यात संपू शकत होता. लॉकआउट (मालक-खेळाडू वादात लीग बंद पडणं) तोंडावर होता, त्यामुळे जुन्या नियमांत करार वाढवून घ्यायची घाई कार्मेलोला होती. किंमत मात्र निक्सनी मोजली. फेब्रुवारीतच गॅलिनारी, विल्सन चँडलर, फेल्टन, मोझगोव्ह हे खेळाडू डेन्व्हरला देऊन टाकले, वर 2016 चा पिक निक्सच्या पिकशी बदलून घेण्याचा हक्कही. त्या पिकवर डेन्व्हरने जमाल मरे घेतला आणि 2023 मध्ये डेन्व्हर विजेता.

निक्सचे दिवस पालटले ते जेलन ब्रन्सन या खेळाडूमुळे. 2022 मध्ये चार वर्षांचे सुमारे 10.4 कोटी डॉलर दिले, तेव्हा अनेकांना ते जास्त वाटले होते. ब्रन्सनचे वडील तेव्हा निक्सचे सहायक प्रशिक्षक, संघाचे अध्यक्ष लिऑन रोझ पूर्वीचे एजंट, म्हणजे ओळखीपाळखी होत्याच. 2025 मध्ये संघ पंचवीस वर्षांनी ईस्टर्न कॉन्फरन्सच्या (लीगच्या पूर्व गटाच्या) अंतिम फेरीत गेला. ब्रन्सनशी मुदतीआधी बोलणी केल्याबद्दल लीगने निक्सचा दुसऱ्या फेरीचा एक पिक काढून घेतला होता. ब्रन्सनच्या बदल्यात तो कोणीही हसत दिला असता.